कणगीशेजारचा रातकिडा

"माणसं निजतात त्या खोलीत ह्या गोळ्या ठेवू नका हां, ताई," खोडाळ्याच्या बाजारात दुकानदार तुळशीदासने पुडी देता देता सांगितलं होतं. मी म्हटलं, "अहो, बीएस्सी झालेय मी." तो हसला. मीही हसले.

भाताच्या बियाण्याला सोंडकिडे लागले होते. माझ्या सासूबाई दरवर्षी कणगीत करंजाचा पाला घालतात, तोंड शेणामातीने लिंपतात आणि पेरणीपर्यंत तिच्याच शेजारी गोधडी टाकतात. आमच्याकडे बियाणं एकटं ठेवत नाहीत. यंदा पाल्याऐवजी मी गोळ्या घातल्या. लिंपलंय ना वरून, मग गोळ्यांचा विषारी वायू बाहेर येतोय कुठून, अशी स्वतःची समजूत घातली. पण त्याच दुपारी आठ महिन्यांच्या चंदाचा पाळणा मात्र पुढच्या खोलीत नेला. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, "उकडतं तिला इथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कणगीमागून एक रातकिडा बाहेर आला. भर उजेडात. एकाच जागी गोल गोल फिरला, कलंडला आणि उताणा पडून पाय झाडू लागला.

"ढोसून आलाय मेला," सासूबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. "तुझा सासरा असाच यायचा बाजारातून." हसता हसता त्यांनी कपाळ दाबलं. "मलाबी गरगरतंय आज. नि मी तर घोटभर पण नाय घेतली."

मी किड्याकडेच बघत राहिले. ह्याला काही रोग असेल आणि तो चंदाला लागला तर? मोबाइलवर शोधलं. म्हातारपण, अंगात वाढणारी बुरशी, पोटातला केसासारखा जंत जो किड्याला वेड्यासारखा पाण्याकडे पळवतो, कडक ऊन. जंताचं तर दोनदा वाचलं. खाली औषधाच्या विषाबद्दलही होतं. तिथं बोट थांबलं नाही.

केर काढायला वाकले तर कणगीखाली आणखी तीन रातकिडे, दोन झुरळं. सगळी उताणी. एवढे सगळे एकाच रात्रीत म्हातारे कसे होतील?

पाठीमागे सासूबाई ओकल्या.

शेजारच्या ढवळूला हाक मारली. दोघांनी धरून त्यांना अंगणात आणलं, मग त्याच्याच जीपने मोखाड्याच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी सगळं विचारलं. "बाळ कुठं झोपायचं?"

"पुढच्या खोलीत."

"आधीपासून?"

मी चंदाचं टोपरं सारखं करत बसले.

चौथ्या दिवशी सासूबाई उठून बसल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, देवानं बुद्धी दिली तुला. पाळणा हलवलास म्हणून पोर वाचली." नर्सलाही त्यांनी तेच सांगितलं, कौतुकानं. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही.

मी अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही. इथं लिहितेय ते त्यांना वाचता येत नाही म्हणून. हेही लाज वाटण्यासारखंच आहे.

तुमच्या घरात धान्यात गोळ्या घातल्या असतील तर हे वाचणं इथंच थांबवा. त्या खोलीत कोण झोपतं, ते बघून या. "काय नाय, जरा डोकं दुखतंय," असं म्हणतील. आधी त्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा. बाकीचं मग विचारा.