दुसरा हात खिशात

ठिणगीने मीटरचा लाल प्रोब काचेच्या व्हॉल्व्हच्या तिसऱ्या पायाला टेकवला आणि मीटरचा काटा शहाण्या मुलासारखा दीड व्होल्टवर जाऊन उभा राहिला. हवा होता तेवढाच. तिने प्रोब उचलला, मीटरची घुंडी फिरवली आणि पहिल्या पायाला लावला. इथे दीडशे हवे होते. काटा दोनशे दहावर गेला आणि तिथून हलायचं नाव घेईना.

"अरे, दोन्ही कसं खरं असेल?" ती मीटरला म्हणाली.

आज चौथा दिवस होता. चार दिवस मीटर हेच दोन आकडे सांगत होता आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणं शक्य नव्हतं. विजेचंही पाण्यासारखंच, नळ उघडा असला की टाकीतलं पाणी उतरणारच. इथे नळ उघडा दिसत होता आणि टाकीही जवळजवळ भरलेली. तिने व्हॉल्व्ह बदलून पाहिला, वीज बंद करून एकेक रेझिस्टर तपासला, कागदावरची आकृती उलटी धरूनसुद्धा वाचली. पत्र्याची ती पेटी जिथल्या तिथे मुकी बसून होती.

ठिणगी हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हतं. पाच वर्षांची असताना तिने प्लगच्या भोकात केसांची पिन घातली होती. घरभर अंधार झाला, आई किंचाळली आणि ही मधोमध उभी राहून "पुन्हा करू?" म्हणून विचारत होती. त्या दिवशी दादाने ठेवलेलं नाव साठाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. पुढे तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहाय्यक म्हणून काढली. विजेच्या टेबलाजवळ येणाऱ्या प्रत्येक मुलाला ती पहिल्यांदा एकच गोष्ट सांगायची: एका हाताने मोजायचं, दुसरा हात खिशात. दोन्ही हात आत घातले की वीज एका हातातून दुसऱ्यात जाते आणि वाटेत काळीज लागतं. स्वतःच्या प्रत्येक कपड्याला तिने डाव्या बाजूला खिसा शिवून घेतला होता. निवृत्तीच्या दिवशी तिने भेट म्हणून मागितला तो भंगारात काढलेला हा जुना काट्याचा मीटर. आकडे दाखवणारा नवा मीटर कपाटात होता, पण त्याच्याशी तिचं जमत नसे. त्याचे आकडे सारखे उड्या मारतात, असं तिचं म्हणणं होतं.

पेटी दादासाठी होती. गिटारच्या तारेचा बारीकसा आवाज स्पीकरकडे जाण्याआधी मोठा करणारा प्रीअँप, तोही जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. दादाने चाळीस वर्षं मुलांना गिटार शिकवली आणि त्यातली वीस वर्षं तो तिला म्हणत होता, "ठिणगे, मला एक व्हॉल्व्हचा करून दे ना. तो आवाज वेगळाच असतो गं." तीही दरवेळी म्हणायची, करते की. मग सात महिन्यांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभ सुधारली, पण डाव्या हाताची बोटं तारा दाबेनात. ठिणगीने पेटी करायला घेतली ती त्यानंतर. एवढ्या उशिरा सुचल्याची लाज तिला रोज वाटत होती, आणि रोज ती जास्त वेळ काम करत होती.

खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर दादा वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याच्यामागे भिंतीला गिटार टेकवलेली होती, पिशवीत घालून, चेन लावून. चार वाजता त्याचा एक जुना विद्यार्थी ती न्यायला येणार होता. दादानेच बोलावलं होतं त्याला. "नुसती बघत बसायला काय ती फुलदाणी आहे?" एवढंच तो म्हणाला होता.

आता तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"वहिनी, जरा येतेस? मी मोजताना कुणीतरी तारा छेडायला हव्यात."

"माझे हात पिठाचे आहेत," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "धुऊन ओल्या हाताने आले तर चालेल का?"

"नको बाई, मुळीच नको."

मग ठिणगीने दादाकडे पाहिलं. दादाने पान उलटलं.

"दादा."

"मी वाजवणार नाही."

"तुला वाजवायला कोण सांगतंय? मला आवाज हवाय, गाणं नकोय. बेसूर चालेल. नुसता उजवा हात फिरव."

"तूच फिरव की तुझा डावा."

"माझा डावा खिशात आहे," ती म्हणाली.

दादाला हसू आलं. ते लपवण्यासाठी त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. शेवटी वाकून पिशवीची चेन ओढली. गिटार मांडीवर आली तशी त्याने उजव्या हाताने डावा मनगटाला धरून उचलला आणि नेहमीच्या जागी, गिटारच्या मानेवर ठेवून दिला. ठिणगीने ते पाहिलं आणि लगेच पेटीकडे वळली. तिने गिटारची वायर पेटीला जोडली, मीटरचा काळा चिमटा पेटीच्या पत्र्याला पक्का लावला, घुंडी पुन्हा लहान आकड्यांवर आणली.

"हं, फिरव."

दादाने तारांवरून अंगठा ओढला. स्पीकर गप्प. तारांची कोरडी खरखर तेवढी ऐकू आली.

तिने प्रोब तिसऱ्या पायाला टेकवला.

आणि खोली भरली. सहाच्या सहा मोकळ्या, न दाबलेल्या तारांचा आवाज स्पीकरमधून असा बाहेर आला की ठिणगी दचकली आणि तिचा हात सुटला. आवाज तिथल्या तिथे तुटला.

"काय झालं?" दादा म्हणाला.

"काही नाही. पुन्हा."

प्रोब टेकवला, आवाज आला. उचलला, गेला. तिसऱ्यांदा टेकवताना तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःच्या डोक्यावर टपली मारावीशी वाटली, पण एक हात कामात होता आणि दुसरा खिशात. व्हॉल्व्हच्या त्या पायापासून पत्र्यापर्यंत विजेला जी वाट हवी, ती कुठेतरी तुटलेली होती. ती मोजायला प्रोब लावत होती तेव्हा वीज तिच्या मीटरमधून, त्या जुन्या खादाड मीटरच्या पोटातून, पत्र्याकडे जात होती. मीटरच वाट झाला होता. म्हणून इथे मोजलं की सगळं बरोबर, आणि हात काढून दुसरीकडे मोजलं की सगळं बिघडलेलं. नव्या मीटरला हे जमलं नसतं. तो वीज इतकी जपून चाखतो की त्याने पहिल्याच दिवशी दोष दाखवला असता. चार दिवस ती आजाऱ्याला आधार देऊन उभं करत होती आणि हा पडतो कसा, म्हणून विचारत होती.

आता तुटलेली जागाही दिसली. पत्र्यावरचा सोल्डरचा एक थेंब, बाकीच्यांसारखा चकचकीत नव्हता, राखाडी होता, आणि रेझिस्टरच्या तारेभोवती केसाएवढी गोल भेग. रेझिस्टर ठणठणीत होता, त्याचा पत्र्याशी झालेला सांधा खोटा होता. एका मिनिटाचं काम. वीज बंद करायची, सोल्डरिंग आयर्न टेकवायचं, झालं. प्रोब तसाच धरून "सापडला" म्हणायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात तो सूर आला.

तो मोकळ्या तारेचा नव्हता. उंच, स्वच्छ, घंटेचा असावा तसा. तो आला आणि खोलीच्या मधोमध थांबून राहिला. ठिणगीने मान वळवली. दादा स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होता. मानेवर ठेवलेल्या त्या हाताचं मधलं बोट आपल्या वजनाने कलून तारेवर पडलं होतं, तारेच्या बरोबर मध्यावर. दाबलेलं नव्हतं. नुसतं टेकलं होतं.

दादाने श्वास रोखला आणि तीच तार पुन्हा छेडली. पुन्हा घंटा.

"दाबायचं नाही," तो हळूच म्हणाला. "टेकवायचं."

हे वाक्य त्याने चाळीस वर्षं मुलांना ऐकवलं होतं. मुलं हमखास दाबायची आणि सूर मरायचा, आणि तो ओरडायचा. हे आपल्याला लागू आहे हे सात महिन्यांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याने खांद्यापासून हात सरकवला. बोटं ऐकत नव्हती, पण खांदा ऐकत होता. बोट तारेवर दुसऱ्या ठिकाणी टेकलं आणि आधीच्यापेक्षा उंच सूर निघाला. मग आणखी वर एक. एका तारेवर असे चार-दोनच सूर मिळतात, हे ठिणगीलाही ठाऊक होतं. दादा तेवढेच घेत होता, एक संपत आला की दुसरा, अजिबात घाई नाही. इतक्या हलक्या स्पर्शाचा आवाज एरवी शेजारच्या खुर्चीपर्यंत जेमतेम पोचला असता. पेटी तो उचलून भिंतींपर्यंत नेत होती.

ठिणगी व्हॉल्व्हकडे बघत राहिली. आत केशरी उजेड होता. त्या काचेत हवासुद्धा नसते, काही म्हणजे काही नसतं, आणि त्या काहीच नसण्यातून वीज पलीकडे उडी मारते आणि तारेची थरथर मोठी करून नेते. एकतीस वर्षं मुलांना हे सांगूनही तिला ते कधी पुरतं खरं वाटलं नव्हतं. आज वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

दंडाला कळ लागायला लागली. प्रोब एवढासा घसरला तरी जवळच तो पहिला पाय होता, आणि घसरताच तिथे पुन्हा दोनशेच्या वर व्होल्ट होणार होते. तिने कोपर टेबलाच्या कडेला टेकवलं आणि मनगट घट्ट केलं.

वहिनी दारात येऊन उभी होती. पिठाचे दोन्ही हात छातीशी तसेच धरलेले. ती आत आली नाही.

बेल वाजली. चार.

दादाचा हात थबकला. शेवटचा सूर हळूहळू विरत गेला. वहिनी कोपराने दार उघडायला गेली. बाहेर कुणीतरी अदबीने काही विचारलं. मग वहिनीचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खालचा.

"आज नाही रे. नंतर कळवते."

दार लागलं.

"ठिणगे," दादाने तारेवरची नजर न काढता विचारलं, "सापडला का गं दोष?"

तिने त्या राखाडी थेंबाकडे पाहिलं. सोल्डरिंग आयर्न वीतभर अंतरावर तापून तयार होतं, पण त्याआधी पेटीची वीज बंद करावी लागली असती.

"नाही अजून," ती म्हणाली. "तू थांबू नकोस."

दादाने मान डोलावली आणि डावा हात खांद्यापासून उचलून पुढच्या तारेवर टेकवला.