मग कोण जातंय?

चर्चच्या त्या मंडळीत ‘विनंती’ या शब्दाला एकच अर्थ उरला होता. बाहेरच्या जगात माणूस विनंती करतो म्हणजे काहीतरी मागतो, आणि समोरचा ते देतो किंवा नाही म्हणतो. इथे विनंती केली की सगळे डोळे मिटायचे. रविवारची उपासना संपत आली की वडीलसाहेब पुढे येऊन विचारायचे, “कुणाची काही विनंती?” वडीलसाहेब म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपैकी सगळ्यात जुने आणि सगळ्यात गोड गळ्याचे. मग कुणी मुलाची परीक्षा सांगायचं, कुणी गुडघेदुखी, कुणी अडलेलं घराचं काम. माना खाली जायच्या, हात वर जायचे, आमेन व्हायचं आणि सगळे चहाला पळायचे.

ही पद्धत पाडली होती बाईंनी. रविवारच्या शाळेतल्या बाई. निम्म्या मंडळीला हात जोडायला त्यांनीच शिकवलं होतं. पण बाईंच्या काळात आमेननंतर आणखी एक वाक्य असायचं. बाई चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायच्या आणि विचारायच्या, “मग कोण जातंय?” आणि कुणीतरी ‘मी’ म्हणेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. वडीलसाहेबांचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हा बाईंनी त्यांना एका म्हाताऱ्याची तुंबलेली मोरी काढायला पिटाळलं होतं, नव्या कोऱ्या बुटांसकट. ते गेले होते. ही गोष्ट ते अजूनही हसत हसत सांगायचे.

मग बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली, आणि सगळ्या शब्दांतून एकच शब्द मागे राहिला. भूक लागली की आमेन, पाठ दुखली की आमेन, चादर ओली झाली की आमेन. “काय विश्वास आहे बाईंचा,” असं म्हणून भेटायला येणारे डोळे पुसायचे, आणि बाईंची सून मनात म्हणायची, विश्वास राहू द्या, जरा त्या बाजूनं चादर धरा. मंडळीचंही बाईंसारखंच झालं होतं. आमेन तेवढं राहिलं होतं, पुढचं वाक्य गेलं होतं.

बाईंची सून हेच तिचं मंडळीतलं नाव. नवरा गेल्यापासून घरात सासू-सून दोघीच. सून रफूचं काम करायची. चांगल्या कोटाला जळून भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि ते भोकावर एकेक करून विणायचे. भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकाला सापडलं नाही म्हणजे काम झालं. बाईंच्या पलंगाला लागूनच तिचं टेबल होतं, म्हणजे सुई खाली ठेवली की हात बाईंपाशी पोचायचा. दर दोन-तीन तासांनी त्यांची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या.

एका सकाळी सुईत धागा ओवताना तिला उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळी कड दिसली. तिनं चष्मा पुसला. कड तिथेच होती.

“आतला पडदा सुटतोय,” डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. “बुधवारी ऑपरेशन करू. त्याच्या पुढे ढकलू नका, डोळा जाईल. नंतर आठवडाभर पालथं झोपायचं आणि काहीही जड उचलायचं नाही.”

“मला सासूबाईंना उचलावं लागतं.”

“घरात दुसरं कुणी नाही?”

“घरात नाही,” ती म्हणाली. “पण आमची मंडळी आहे.”

हे ती किती ठासून म्हणाली होती ते पुढे आठवलं की तिला स्वतःचीच चीड यायची.

त्या रविवारी वडीलसाहेबांनी विचारल्यावर ती उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. घरून तिनं सगळं ठरवून आणलं होतं: कुणी सकाळी यावं, कुणी दुपारी, रात्री कुणी झोपायला यावं, कूस कशी बदलायची ते ती आधी दाखवील. सात-आठ माणसांनी वाटून घेतलं तर कुणाच्याच जिवावर येणार नव्हतं.

“माझी एक विनंती आहे,” ती म्हणाली. “बुधवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. बाईंना बघायला घरात कुणी—”

तोवर माना खाली गेल्या होत्या. ती तशीच उभी राहिली, अर्धं वाक्य तोंडात घेऊन, सगळ्यांच्या डोक्यांचे भांग बघत. वडीलसाहेब जवळ आले आणि त्यांनी तिच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. प्रार्थना सुंदर होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी डॉक्टरांच्या बोटांसाठी मागितलं, तिच्या धीरासाठी मागितलं, आणि आवाज कापरा करून म्हणाले, “प्रभू, या दिवसांत तू स्वतः आमच्या बाईंच्या उशाशी बस.” सगळे गहिवरून आमेन म्हणाले. पाळी लागली ती एकट्या देवाची.

चहाच्या वेळी तिनं ऑर्गनवालीला गाठलं. दोघी बाईंच्या वर्गात एका बाकावर बसलेल्या.

“तू दुपारची येशील का गं? दोनच तास. तुझं घर तर जवळ आहे.”

“अगं, आत्ताच सगळं प्रभूवर सोपवलं ना आपण?” ऑर्गनवालीनं तिचा हात हातात घेतला. “सोपवल्यावर परत काळजी करायची म्हणजे अविश्वासच झाला. मी रोज तुझी आठवण करीन. अगदी नाव घेऊन.”

तिला सुनेचं नाव तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे.

सोमवारी सून वडीलसाहेबांच्या फर्निचरच्या दुकानात गेली. ते एका कपाटाला पॉलिश करून घेत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं.

“मंडळीतल्या बहिणींचा गट बुधवारी तुझ्यासाठी उपास धरणार आहे,” ते म्हणाले. “सगळ्या जणी. दिवसभर.”

“उपास नको, वडीलसाहेब. त्यांनी पोटभर जेवून यावं. पण यावं.”

त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे प्रार्थनेनं काही होत नाही असं म्हणायचंय तुला? बाईंच्या घरात राहून?”

आणि तिनं माफी मागितली. पुढे कितीही वेळा हा प्रसंग तिनं मनात उलटापालटा केला तरी ती याच जागी येऊन अडकायची. समोर कुलुपं लावलेली कपाटं, हातात पाण्याचा पेला, आणि ती म्हणतेय, “चुकलं माझं, तसं म्हणायचं नव्हतं.” वडीलसाहेबांनी मोठ्या मनानं माफ केलं आणि तिला दारापर्यंत सोडायला आले.

पैसे देऊन सांभाळायला कुणी मिळते का तेही तिनं पाहिलं. त्या आठवड्यात कुणी मोकळी नव्हती. आजाऱ्यांना ठेवून घेणाऱ्या घरात जागा नव्हती. बुधवारी सकाळी तिनं हॉस्पिटलला फोन करून येत नसल्याचं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, “पुढची तारीख लांबची मिळेल हं.” बहिणींनी उपास मात्र काटेकोर पाळला.

पुढच्याच आठवड्यात बाईंची कूस बदलताना पडदा पुरता खाली आला. दुखलं काही नाही. बाईंचा अर्धा चेहरा गेला, मग खिडकी गेली. तिनं बाईंना नीट डाव्या कुशीवर केलं, पाठीमागे उशी लावली आणि मगच खाली बसली. डॉक्टरांनी नंतर तपासून मान हलवली.

एका डोळ्यानं दिसतं सगळं, पण अंतर कळत नाही. चहा कपाच्या बाहेर ओतला जायचा. सुईचं टोक धाग्याच्या अलीकडे तरी पडायचं, पलीकडे तरी. ज्या कामात भोक सापडता कामा नये, त्या कामात आता तिलाच भोक सापडेना. कोट परत गेले, आणि ती उशांच्या खोळी शिवू लागली.

वडीलसाहेब संत्री घेऊन भेटायला आले. “प्रभूनं दुसरा डोळा राखला,” ते म्हणाले. “रविवारी साक्ष दे, देवानं काय केलं ते उभी राहून सांग. मंडळीला उत्तेजन मिळेल.”

तिनं दिली साक्ष. का दिली, तर नाही म्हणायची सवय नव्हती म्हणून. उभी राहून म्हणाली, “माझा एक डोळा शाबूत आहे.” सगळे म्हणाले, आमेन. ऑर्गनवालीनं रडत रडत आभाराचं गीत वाजवलं. सून खाली बसली आणि तिच्या मनात आलं, या सगळ्यांना एका बाजूनं दिसेनासं व्हावं. देवाच्या घरात बसून आलं. तिनं ते मागेही घेतलं नाही.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी वडीलसाहेबांचा फोन आला. त्यांच्या बायकोचा पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. घरी आणलं होतं, पण कूस बदलायची कशी ते कुणाला जमत नव्हतं, आणि ती ओरडत होती. फोनमधूनही ऐकू येत होतं.

“तुझ्या हाताला सवय आहे,” ते म्हणाले. “माझी एक विनंती आहे, मुली.”

“हो,” सून म्हणाली. “प्रार्थनेत ठेवते.”

शब्द इतक्या सहज बाहेर पडले की तिचं तिलाच नवल वाटलं. जीभ कुठे अडखळली नाही. छातीत ऊबसुद्धा आली, काहीतरी दिल्याची. हे इतकं सोपं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.



“अगं, तसली विनंती नव्हे,” वडीलसाहेब म्हणाले. “खरी. खरंच कुणीतरी यायला हवंय.”

“माझीही खरीच होती,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तिनं प्रार्थनाही केली नाही. दोन मिनिटं खोळीची शिवण हातात धरून बसली, आणि तिच्या ध्यानात आलं की ऑर्गनवालीनंही केली नसणार. रोज, नाव घेऊन.

“आमेन,” पलंगावरून बाई म्हणाल्या. चादर ओली झाली होती. सून उठली, हातानं चाचपत चादरीचं टोक शोधू लागली. बाई तिच्याकडेच बघत होत्या, तशाच, चष्म्यावरून बघितल्यासारख्या, चष्मा नसताना. आमेननंतर थांबल्या होत्या.

“कुणी नाही, बाई,” सून म्हणाली, आणि तिनं त्यांच्या पाठीखाली हात घातला.