भरल्या नदीची ओटी

अख्खं बदलापूर तिला साहेबाची होडी म्हणायचं. साहेब विलायतेला निघून गेला, मागे देश आपला झाला, पण होडीचं नाव काही बदललं नाही. अंबरनाथच्या कारखान्यातला हा साहेब रविवारी मडमेला घेऊन उल्हास नदीवर यायचा, तिला मागच्या फळीवर छत्री उघडून बसवायचा आणि स्वतः वल्ही मारायचा. जाताना होडी त्यानं जयदेवच्या हवाली केली. जयदेव पुण्याला कॉलेजात असताना वल्ही मारायला शिकला होता आणि कारखान्याच्या ऑफिसर लोकांत त्याच्याइतका हात कुणाचाच साफ नव्हता. पांढरा रंग, कडेला हिरवी पट्टी, बसायला गुळगुळीत फळ्या. संथ पाण्यात घटकाभर फिरावं, डब्यातली भजी संपवावी आणि दिवेलागणीच्या आत घरी जावं, एवढ्याच कामाची ती होडी.

त्या होडीतून जयदेवची बायको पद्मजा तान्ह्या छबीला घेऊन माहेराहून नदीपलीकडे सासरी निघाली, आणि तेही भाद्रपदातल्या फुगलेल्या नदीतून.

निघणं भागच होतं, असं आत्याबाईंचं म्हणणं. आत्याबाई म्हणजे जयदेवच्या वडिलांची बहीण. नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून भावाच्या घरी राहिलेल्या. भाऊ-भावजय प्लेगात गेल्यावर जयदेवला त्यांनीच वाढवलं. अंगावर लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर आणि जिभेवर शास्त्र. उद्यापासून पितृपंधरवडा. पितरांच्या दिवसांत तान्हं पोर पहिल्यांदा घरात आणायचं नाही, आणि पंधरवडा उलटला की छबीला चौथा महिना लागतो. समसंख्येच्या महिन्यात बाळंतिणीनं माहेरचा उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे राहता राहिला आजचा दिवस. तरीवाल्यानं पुराच्या भीतीनं मोठी नाव झाडाला बांधून टाकली होती, तर आत्याबाई म्हणाल्या, आपली घरची होडी असताना तरीवाल्याचं तोंड कशाला बघायचं?

सकाळी जयदेव आणि आत्याबाई न्यायला आले तेव्हा पाणी गढूळ होतं, पण वाहत होतं मुकाट्यानं. जेवणं उरकेपर्यंत घाटाकडचं आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं झालं. पद्मजाचे वडील विष्णुपंत दोनदा ओटीवर जाऊन नदीकडे बघून आले. जावयाला 'थांबा' म्हणणं त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते पद्मजाला दिसलं. पण पहिल्या नातीला न्यायला आलेल्या जावयाला कोण अडवणार? त्यांनी नुसतं विचारलं, वल्ही मजबूत आहेत ना. जयदेव हसला आणि म्हणाला की वल्ह्यांपेक्षा हात मजबूत लागतात. सासुरवाडीच्या माणसांसमोर तो असंच बोलायचा. पद्मजाला एरवी ते आवडायचंही.

धक्क्यावर चिखल इतका की आईला खाली उतरता आलं नाही. वरूनच तिनं डोळे पुसले. जयदेवनं ट्रंक पुढच्या टोकाला ठेवली, बायका मागच्या फळीवर बसल्या आणि होडी सुटली.

सुरुवातीला काही वाटलं नाही. काठची भातखाचरं पाण्याखाली होती आणि त्यावरून होडी तरंगत जात होती. खालून हिरव्या लोंब्या तळाला घासायच्या. छबी पदराखाली दूध पिऊन पेंगली होती. उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधिणीकडून जयदेवनं आणलेलं लोकरीचं टोपडं तिला मोठं होतं, ते सारखं डोळ्यांवर घसरायचं. पद्मजा बोटानं ते वर सारायची आणि त्या एवढ्याशा कपाळाचा वास घ्यायची. दुधाचा, वेखंडाचा, धुरीचा. वाटायचं, हा वास पुढ्यात असताना बाकीचं जग कसंही असो.

मग खाचरं संपली आणि होडी मूळ पात्रात शिरली.

कुणीतरी लाथ मारावी तशी ती एकदम आडवी झाली. जयदेवनं दात आवळून तिचं तोंड प्रवाहाकडे वळवलं. वरून येणारं पाणी आणि समोरून घोंगावणारा वारा एकमेकांच्या उरावर बसले होते आणि त्यांच्या मारामारीत नदी उसळत होती. लाटा कशा म्हणाव्यात, पाण्याची ढेकळंच होती ती. होडीच्या पुढच्या टोकावर आदळायची, फुटायची आणि तोंडावर यायची. एक मेलेलं वासरू पोट वर करून बाजूनं गेलं. त्यामागून अख्खं झाड आलं, मुळ्यांसकट, आणि त्या मुळ्यांनी कडेची हिरवी पट्टी खरवडून नेली. जयदेवचं तोंड बायकांकडे होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं सासुरवाडीचं हसू कधी उतरलं ते पद्मजानं पाहिलं नाही, पण आता तिथे दुसराच माणूस बसला होता. तो एवढंच म्हणाला, "हलू नका. पाणी उपसत राहा."

पद्मजा एका हातानं छबीला छातीशी धरून दुसऱ्या हातानं पितळी तांब्यानं पाणी उपसू लागली. वाकताना कमरेला काहीतरी टोचलं. तिनं चाचपलं आणि तिला आठवलं. खण, नारळ, मूठभर तांदूळ. तान्ही लेक पहिल्यांदा नदी ओलांडते तेव्हा काठावर उभं राहून आधी नदीची ओटी भरायची असते. तशी ती आईच्या वेळी भरली होती, आजीच्या वेळी भरली होती. आईनं पुडकं बांधून तिच्या कमरेला खोचलं होतं आणि चिखलाच्या गडबडीत सगळ्याच विसरल्या होत्या.

ती गप्प बसली असती तर. पण त्या घडीला तिलाच वाटलं की नदी यासाठीच खवळलीय. तिनं आत्याबाईंच्या कानाशी लागून सांगितलं.

आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मग आता भर. इथंच भर."

विधवेनं ओटी भरायची नाही, म्हणजे भरायची ती पद्मजानंच. तिनं तांब्या पायाशी ठेवला आणि एका हातानं पुडकं सोडवलं. आत्याबाईंनी तिचं मनगट धरलं. एका हातानं ओटी भरतात होय? दोन्ही हातांची ओंजळ लागते. आण ती पोर इकडे. पद्मजाला छबी द्यायची नव्हती. तिच्या हातांना माहीत होतं की द्यायची नाही. पण आत्याबाई उठल्याच, गुडघा फळीवर टेकून पोरीला घ्यायला वाकल्या, आणि दोघी एकाच कडेला आल्या.

"आत्या, खाली बस," जयदेव ओरडला. त्याच क्षणी बाजूनं ढेकूळ आलं.

कड पाण्याखाली गेली. नदी आत आली ती मांडीपर्यंत, एका दमात. पद्मजा पाठीवर पडली, छबी तिच्या पोटावर होती आणि तिच्या पोटावरूनच पाणी वाहत होतं. कोपर खाली टेकवून तिनं पोरीला वर उचललं तेव्हा टोपडं नव्हतं, केस कपाळाला चिकटले होते आणि तोंड उघडं होतं. आवाज नव्हता. होडी उसळून सरळ झाली. आत्याबाई होडीत नव्हत्या.

त्या बाहेर होत्या. दोन्ही हातांनी होडीची कड धरून लोंबकळत होत्या. आलवण डोक्यावरून सुटून पाण्यावर लांबलचक पसरलं होतं, भादरलेलं डोकं उघडं पडलं होतं. त्या वजनानं कड पुन्हा खाली जाऊ लागली. अर्धी भरलेली होडी, आता तिला एक ओंजळ पुरली असती.

"आत्या, कड सोड. मागनं धर. मागच्या फळीला धर." जयदेवचा आवाज फाटला होता. त्याला वल्ही सोडता येत नव्हती. सोडली असती तर होडी फिरून आडवी झाली असती आणि सगळंच संपलं असतं. आत्याबाईंना ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. बुडत्या माणसाला ऐकू येतं ते फक्त हाताखालच्या लाकडाचं. त्यांची बोटं पांढरी पडली होती आणि त्या वर यायला धडपडत होत्या. प्रत्येक धडपडीला नदी कडेवरून आत डोकावत होती.

जयदेवनं उजवं वल्हं पाण्यातून उचललं. पद्मजाला कळलं ते कशासाठी. कडेवरच्या याच हातांनी आत्याबाईंनी त्याला घास भरवले होते. वल्हं हवेत थरथरलं आणि पुन्हा पाण्यात पडलं.

तिनं पायाशी गडगडणारा तांब्या उचलला आणि आत्याबाईंच्या उजव्या हातावर घातला. बोटं सुटली नाहीत. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ते डोळे ती जन्मात विसरणार नव्हती. त्यांत राग नव्हता, विचारणा होती. तिनं पुन्हा घातला. मग पुन्हा, तांब्याच्या काठानं, सगळा जीव एकवटून. हाड मोडल्याचा आवाज तिला त्या गर्जनेतही आला. हात सुटला. मागोमाग दुसराही सुटला.

आत्याबाई मागे वाहिल्या. पद्मजानं तांब्या टाकला आणि तरंगणारं आलवण झडप घालून धरलं. दोनदा मनगटाला वेढा घातला, पाय मागच्या फळीला रोवले. आलवण ताणलं, खांदा निखळतो की काय असा झटका बसला आणि आत्याबाई होडीच्या मागे दोरीला बांधलेल्या ओंडक्यासारख्या येऊ लागल्या. तोंड वर, मध्येच खाली, परत वर.

"मार वल्ही," ती नवऱ्याला म्हणाली. आजवर तिनं त्याला 'अहो' सोडून हाक मारली नव्हती.

जयदेवनं मारली. त्याच्या तळव्यांचं रक्त वल्ह्यांवरून ओघळत होतं आणि लाटा ते धुऊन नेत होत्या. तिच्या मांडीवर छबी होती, अजून गप्प. मधूनच ती एक उचकी देई, पुन्हा गप्प. पद्मजाच्या छातीतून दूध वाहू लागलं, आपोआप, ओल्या चोळीतून ओल्या पोरीवर. ती काय करणार होती? एक हात आलवणात अडकला होता. वेढा सोडला तर आत्याबाई गेल्या, नाही सोडला तर पोरीला पालथं घालायला दुसरा हात नव्हता. तिनं वाकून छबीच्या तोंडात तोंड घालून फुंकलं आणि आलवण सोडलं नाही.

पलीकडची खाचरं आली तसं पाणी ढिलं पडलं. होडी बाभळीच्या शेंड्यांत घुसली आणि अडकली. बांधावरून हिंदुराव नावाचा शेतकरी आणि त्याची बायको कौसाबाई केव्हाची बघत होती. ती दोघं छातीभर पाण्यातून आली. हिंदुरावानं आत्याबाईंना खांद्यावर टाकलं, कौसाबाईनं पद्मजाला धरलं.

बांधावर टेकवल्या टेकवल्या आत्याबाईंनी भडभडून ओकलं आणि डोळे उघडले. समोर पद्मजा छबीला हलवत होती, नावानं हाका मारत होती. आत्याबाई गुडघ्यांवर सरकत आल्या. डाव्या हातानं त्यांनी पोर हिसकावली, पायांना धरून उलटी टांगली, आणि त्या मोडक्या, सुजून काळ्यानिळ्या हातानं तिच्या पाठीत फटका मारला.

पद्मजा वाघिणीसारखी झेपावली. तिला वाटलं, ही सूड घेतेय. जयदेवनं तिला मागून कवेत धरलं तर तिनं त्याचा दंड चावला. आत्याबाईंनी दुसरा फटका मारला. तिसरा. प्रत्येक फटक्याला त्या स्वतःच कळवळत होत्या, कारण मोडलेली बोटं त्याच हाताची होती. चौथ्याला छबीच्या नाकातोंडातून पिवळं पाणी आणि फाटलेलं दूध भळकन बाहेर आलं. एक क्षण काहीच नाही. मग तिनं जो टाहो फोडला, त्यानं बाभळीतले बगळे उडाले.

"घे," आत्याबाई म्हणाल्या. "पाज तिला."

कौसाबाईच्या झोपडीत चूल पेटलेली होती. जयदेव दाराशी पाठमोरा बसला होता. त्याच्या दंडावर दात उमटले होते आणि हातांना हळद लावली होती. एका कोपऱ्यात पद्मजा छबीला पाजत होती. पोर मध्येच थांबून हुंदका द्यायची, पुन्हा चोखायची. कौसाबाईनं आत्याबाईंना आपलं जुनं लुगडं गुंडाळायला दिलं. काठ-पदराचं, हिरवं. एरवी आत्याबाईंनी त्याला बोट लावलं नसतं. त्या ते पांघरून बसल्या होत्या आणि कौसाबाई त्यांच्या हाताला कामट्यांचे तुकडे बांधत होती.

"हाताला काय झालं वो हे, आजी?" कौसाबाईनं विचारलं. "खडकावर आपटला का काय?"

जयदेवची पाठ ताठ झाली. पद्मजानं मान वर केली नाही.

"सुनेनं मोडला," आत्याबाई म्हणाल्या. "मी होडी बुडवत होते."

कौसाबाई गाठ मारता मारता थांबली. तिनं एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यात. मग गाठ घट्ट ओढून म्हणाली, "आमची असती तर घाबरून बसली असती रडत."

छबी पिता पिता झोपली तेव्हा आत्याबाई कण्हत उठल्या आणि पद्मजाच्या शेजारी येऊन बसल्या. दोघींच्या खांद्यात बोटभर अंतर राहिलं.

"घरी गेल्यावर हिला न्हाऊ मी घालणार होते," त्या म्हणाल्या. "पाट, घंगाळ, सगळं काढून ठेवलंय. आता तुलाच घालावं लागेल. पायांवर उपडी घेताना मान धरायची, ते मी बसून सांगेन."

पद्मजाला क्षमा मागायची होती. शब्द आलाही होता ओठांवर. पण मागून ती कशाची मागणार? तसाच प्रसंग उद्या आला तर तिनं तांब्या पुन्हा उचललाच असता, आणि हे शेजारी बसलेल्या बाईला तिच्याइतकंच पक्कं माहीत होतं.

"सांगा," ती म्हणाली. आणि झोपलेली छबी तिनं अलगद उचलून आत्याबाईंच्या मांडीवर, चांगल्या हाताच्या बाजूला ठेवली.