जिभेची नळी

वाल्मीक लवळ्याचा. पुण्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकत होता आणि त्या वर्षी आनुवंशिकतेनं त्याला पुरतं झपाटलं होतं. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून तिची नळी करता येणं रक्तातून येतं, आईबाप दोघांनाही येत नसेल तर पोराला येणं शक्यच नाही, असं पुस्तकात छापलेलं होतं. सरांनी सांगितलं, सुट्टीत गावाकडची घरं तपासून या. वाल्मीकनं अख्ख्या लवळ्याला जिभा बाहेर काढायला लावल्या. पोरगं शिकून बिघडलं, आता लग्नाशिवाय ताळ्यावर येत नाही, असं ठरवून कोंडाजीमामांनी त्याला माले गावाला मुलगी बघायला नेलं.

हैबतरावांच्या ओसरीवर पोहे झाले. त्यांची जया पाटावर येऊन बसली. मामांनी नाव विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं आणि भाच्याला कोपरानं ढोसलं. "आता तू इचार काय ते."

वाल्मीकला दुसरं काही सुचेचना. "तुमाला जिभंची नळी करता येती का?"

मामांनी कपाळाला हात लावला. जयानं एकदा बापाकडं पाहिलं, पदर सावरला आणि सगळ्यांदेखत झकास नळी करून दाखवली.

"वा!" वाल्मीक जागेवरून उठलाच. "आता तुमी करा, हैबतराव. आन मावशी, तुमी बी!"

पोरीला जमतं ते आपल्याला का जमू नये, म्हणून हैबतराव इरेला पेटले. चेहरा लाल झाला, मिशा थरथरल्या, पण जीभ काही वळेना. दाराआड जयाच्या आईनं, तुळजाबाईंनी, तोंड फिरवून करून बघितलं. "न्हाई बा, मला न्हाई येत."

वाल्मीकनं रुमालानं कपाळ पुसलं. पुस्तक खरं मानावं तर या घरात आता भलतंच काही बोलावं लागणार होतं. त्यानं जयाच्या नाकाकडं पाहिलं. नाक हुबेहूब हैबतरावांचं, तेवढंच फेंदारलेलं.

"मंग? काय निघालं तुज्या शास्त्रातनं?" मामांनी विचारलं.

"काय न्हाई! काय बी निघालं न्हाई!"

"मंग घाम कशापायी फुटलाय?" हैबतरावांचा आवाज चढला. "आमच्या घराण्यात खोट हाय व्हय?"

"अवो दादा, मला बी येत न्हवती," जया मध्येच बापाला म्हणाली. "शाळंत मास्तरांची पोर नळी करून चिडवायची. मी रोज आरशापुढं बसले, तवा कुटं जमलं."

वाल्मीक बघतच राहिला. "हे शिकता येतं?"

"न यायला काय झालं? तुमाला येती का?"

"न्हाई."

"मंग शिकवीन की."

दाराआड तुळजाबाई खुदकन हसल्या. मामांना तेवढं पुरे झालं. त्यांनी हैबतरावांना बाजूला घेऊन तिथंच तिथीचं बोलणं काढलं.

कॉलेज उघडल्यावर सरांनी वाल्मीकचं काम तपासलं आणि मालेच्या घरापाशी येऊन थांबले. "हे कुटुंब नियमात बसत नाही. ही मुलगी वगळून टाका."

"नाही वगळता येणार, सर," वाल्मीक म्हणाला. "वैशाखात लग्न आहे आमचं."

सरांनी तोंड फिरवून स्वतःची जीभ वळवून बघितली, ती वळेना. मग मालेला एस.टी. कुठून सुटते, ते विचारलं.