ल्यूकनच्या पार्कात हरवलेली जोडवी

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझी जीभ झडो!

लेकीच्या, यामिनीच्या बाळंतपणाला मी आयर्लंडात, डब्लिनजवळच्या ल्यूकनला आले आणि करोनाने विमानं बंद झाली. अडकले ती अडकलेच. एकवीसच्या एप्रिलात आमचे हे तिकडे नाशकात गेले. मुलाने मोबाइल धरला, त्यात मी चिता बघितली. मग उठून कुकर लावला. रडू काही येईना. यामिनी रोज विचारायची, "आई, रडलीस का?" जशी काही गोळी घेतलीस का विचारतेय.

मुलाने तिकडे सगळं रीतसर केलं, तरी दहाव्याला मी घरामागच्या पार्कात भाताचा पिंड ठेवला. आता मी इथे आहे, हे ह्यांना कळणार कसं? म्हणून पायातली जोडवी काढली. नाहीतरी काढायचीच होती. दोऱ्यात बांधून भातात खोचली. लग्नात ह्यांनीच घातलेली, बघून ओळखतील.

कावळा आला. बोकडाएवढा! आपल्याकडे शिवायला तास तास घेतात. ह्याने अख्खा पिंडच चोचीत धरला आणि गवतातून ओढत पार झाडीपर्यंत नेला. भात सांडलेला दिसला, जोडवी गायब.

मग मी रोज जाऊन गवत चाचपायचे. ह्यांच्या हातचं माझ्यापाशी तेवढंच होतं. दुःख म्हणाल तर तेव्हाही नव्हतं. दात काढल्यावर गाल कसा असतो, तशी होते मी.

तिथेच डेक्लन भेटला. माझ्याच वयाचा. जुनी नाणी शोधायचं मशीन गोल्फच्या पिशवीत लपवून आणायचा, कारण इथे परवानगीशिवाय तसं शोधणं गुन्हा.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "माझी जोडवी शोधून द्या. मी पोलिसांवर लक्ष ठेवते."

"आणि नाणी सापडली तर?"

"तुमची."

"आणि भूत निघालं तर?"

"ते माझं. चाळीस वर्षं सांभाळलंय."

झाडीपाशी मशीन कुईं कुईं करायला लागलं. बाटलीची झाकणं निघाली, कोंबडी-पिल्लांचं चित्र असलेली जुनी पेनी निघाली. तेवढ्यात एक पोलीसबाई आलीच.

"काय चाललंय इथे?"

मी म्हटलं, "हे माझे दीर. शिंकले आणि सोन्याची कवळी उडाली!"

डेक्लनने पटकन ओठ आत घेतले आणि नुसती मान हलवली. बाई लांबूनच म्हणाली, "ग्रँड, ग्रँड," म्हणजे इथलं 'ठीक आहे', आणि गेली.

दुपारपर्यंत आम्ही तिथेच. शेवटी एका काटेरी झुडपाखाली मशीन बारीक वाजलं. डेक्लनने माती उकरली, जोडवी पँटला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

आणि मी रडले! अशी रडले की डब्लिनकडे जाणारी बस थांबली, ड्रायव्हर खाली उतरला. घरी येऊन यामिनीला हे सांगितलं, तर ती गळ्यातच पडली. "सुटलीस गं आई," म्हणाली आणि बाळाला घेऊन गाढ झोपली.

बरं. रडले, तेवढं मी पदरचं घातलंय. जोडवी हातात आली, गार होती. मी ती स्वेटरच्या खिशात टाकली आणि डेक्लनला विचारलं, थर्मासमधला चहा घेणार का.