कळायलंय का

"वर करा," सुलाबाई म्हणाली. सिताराम बाजेवर पालथा झाला आणि पाय गुडघ्यातून दुमडून त्यानं तळवे तिच्यापुढं धरले. परभणीजवळच्या पिंगळी गावातल्या त्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम असे. सुलाबाई एका हातात टॉर्च धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं नवऱ्याचं एकेक बोट आणि शेवटी टाच दाबायची.

"कळायलंय का?"

"हं."

"ह्ये?"

"हं."

एकदा तिनं बोट दाबलंच नव्हतं. हात हवेत धरून विचारलं, तरी तो "हं"च म्हणाला होता. तिनं त्याला ते कधी सांगितलं नाही. नवऱ्याचं खोटं पकडण्यात तिची उमर गेली होती. आता पकडून करायचं काय, हा प्रश्न होता.

साखरेनं सितारामच्या पायांच्या नसा खाल्ल्या होत्या. साखरेच्या आधी दारू होती आणि दारूच्या आगेमागे गुटखा. मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो वजनकाट्यावर बसायचा. दिवसभर खुर्चीत, आणि सुटी झाली की तिथलाच दोस्त व्यंकटराव याच्या मोटारसायकलवर. दारात आल्यावर तो उतरायचा नाही, त्याला उतरवून घ्यावं लागायचं. विहारात वंदनेला बसला की पाचव्या शीलाला, दारू न पिण्याच्या, नेमका खोकला यायचा. शेवटी एक दिवस काट्यावरच चक्कर येऊन पडला. परभणीचे डॉक्टर म्हणाले, दारू सोडा आणि रोज चाला. पळा असं कुणीच म्हटलं नव्हतं.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आधी तो स्टेशनापर्यंत चालला, मग परभणीपर्यंत, मग पळायला लागला. थांबायचं कुठं, हे त्याला बाटलीपुढंही कधी कळलं नव्हतं, रस्त्यावरही कळेना. पन्नाशीचा माणूस अर्ध्या चड्डीवर पळतोय म्हटल्यावर लोक गाड्या थांबवायचे. कोण वारलं, म्हणून विचारायचे. बसा, सोडतो, म्हणायचे. टवाळ पोरं विचारायची, काका, पोलीस भरती का? सिताराम हसायचा नाही की चिडायचा नाही. पळायला लागल्यापासून त्याचं हसणं-चिडणं दोन्ही बंद झालं होतं. दोन-तीन जिल्ह्यांत पळून आला, खुंटीवर मेडलं लटकली. पण घरात आला की बाज आणि पत्र्याकडे लागलेले डोळे. सुलाबाईला वाटे, हा माणूस दारूत होता तेव्हाही घरात नव्हता आणि आताही नाही. पण आता शिव्या नव्हत्या, ओकारी पुसणं नव्हतं. पुण्याला नर्सिंग शिकणारी संघप्रिया फोनवर बापाशी बोलू लागली होती. तेवढ्यावर सुलाबाईचं भागत होतं.

उद्याची शर्यत आजवरच्या सगळ्यांत लांबची होती. परभणीतल्या पळणाऱ्या मंडळींनी ठेवलेली, परभणीहून चारठाण्याला जाऊन परत, शंभराच्या वर किलोमीटर.

डाव्या टाचेवर सुलाबाईचा अंगठा थांबला. कातडीत काळा ठिपका होता आणि भोवती लालभडक. दाबल्यावर पिवळं पाणी आलं. बाभळीचा काटा होता, आत मोडलेला. दोन दिवस ती बहिणीकडे गेली होती. त्या दोन दिवसांत त्यानं स्वतः कशाला पाय बघितले असतील?

तिनं सुई आणली. सुई आत गेली, फिरली, रक्त आलं. सिताराम हनुवटीखाली उशी घेऊन मोबाइलवर उद्याचं हवामान बघत होता.

"ढग हायत म्हणं," तो म्हणाला. "ऊन लागणार न्हाई."

काटा निघाला. त्याच्यामागून पू आला.

डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, जखम दिसली की पळणं बंद आणि सरळ दवाखान्यात, नाहीतर पाय जाईल. डॉक्टरांचं खरंच होतं. पण गेल्या उन्हाळ्यात कुत्रं चावलं म्हणून सिताराम घरी बसला, तेव्हा काय झालं ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. आठवडा कसाबसा गेला. मग व्यंकटरावचा हॉर्न वाजला आणि सिताराम उठून गेला. परत आला तेव्हा सुट्टीला आलेली संघप्रिया दारातच उभी होती. पोरीनं बॅग भरली आणि पावसाळा सरेपर्यंत घराकडे फिरकली नाही. तो पुन्हा पळायला लागला, तेव्हा कुठं बाटली सुटली.

सुलाबाईला भीती वाटली. नवी काही नव्हती, तीच ती जुनी भीती होती. तिनं जखम धुतली, मलम भरलं, पट्टी चिकटवून वर मोजा चढवला.

"काय हाय?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई. भेग पडलीय."

दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या टेम्पोत बसून मागं मागं गेली. जिंतूर आलं, गेलं. सिताराम एका चालीनं पळत होता. चारठाण्याच्या जुन्या देवळाशी परत फिरायचं होतं, तिथं तो न लंगडता आला. लंगडायला दुखावं लागतं. केळी वाटणाऱ्या मुलीनं त्याच्या बुटाकडे बोट दाखवलं. डावा बूट लाल झाला होता आणि फरशीवर त्याचे ठसे उमटले होते. सितारामनं खाली पाहिलं. बूट दुसऱ्याच कुणाचा असावा, असं तो बघत राहिला. शर्यतीबरोबर आलेल्या डॉक्टरांनी मोजा काढला, पट्टी काढली आणि मान वर करून सुलाबाईकडे बघितलं. ती देवळाकडे बघत होती.

टेम्पो तसाच परभणीला वळवला. सितारामचा पाय तिच्या मांडीवर होता. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "काटा व्हता. काल मला दिसला व्हता."

"माहीत हाय मला."

"कसं काय?"

"टाचंची पाळी आली अन् इचारलंच न्हाईस. रोज इचारतीस."

रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. "मंग पळालाव कशाला?"

"घरी बसून काय व्हतंय, ते दोघाला बी माहीत हाय," सिताराम म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. संघप्रिया आली, बापाची जखम कशी बांधायची ते आईला शिकवून गेली. शर्यतवाल्यांनी मेडल पाठवलं, ते सुलाबाईनं खुंटीला लावलं नाही. ज्या घरी बसण्याला दोघंही भ्याली होती, तेच आता पदरात पडलं होतं.

एका संध्याकाळी बाहेर हॉर्न वाजला. आवाज ओळखीचा होता. सुलाबाई टॉर्च घेऊन बाजेजवळ उभी होती. सितारामनं भिंतीला टेकवलेली कुबडी हातात घेतली. अडवायचं नाही, असं तिनं दवाखान्यातच ठरवलं होतं.

त्यानं कुबडी बाजेखाली सारली, कुशीवर कलंडत पालथा झाला आणि उरलेला पाय वर केला.

"बघ," तो म्हणाला.

तिनं टॉर्च लावला आणि करंगळी दाबली. "कळायलंय का?"

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला.

"न्हाई," सिताराम म्हणाला.

"ह्ये?"

"न्हाई."

तिनं पुढचं बोट धरलं.