एका दमाची रेघ

मी एक फॉन्ट बोलतोय. राहतो कंप्युटरात, पण जन्म ब्रशचा. पेठ वडगावच्या अल्लाउद्दीन पेंटरांचं अक्षर म्हणजे मी.

त्यांची लेक फरहीन परदेशात अक्षरकला शिकून परतली. तिला वाटलं होतं, गाव अजून अब्बांच्या अक्षरांनी भरलेलं असेल : दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, डेअरीची भिंत. उतरली तर स्टँडपासून घरापर्यंत फ्लेक्सच फ्लेक्स. अब्बांचं एकच काम उरलं होतं. जत्रेतल्या कुस्त्यांची जाहिरात तालमीच्या भिंतीवर रंगवायची. त्या कामाची ते वर्षभर वाट बघत.

"अब्बा, तुमचं अक्षर मरू द्यायचं नाही," फरहीन म्हणाली आणि फॉन्टसाठी त्यांच्याकडून एकेक अक्षर कागदावर लिहून घेऊ लागली.

अब्बा कुरकुरले. "सुटं अक्षर कोण लिवतंय व्हय? आधी शब्द, मग वरची रेघ. एका दमात."

शिरोरेघ ते शेवटी ओढत, श्वास रोखून. सुरुवातीला रंगानं भरलेली, शेवटाकडे कोरडी, ब्रशच्या केसांचे ओरखडे दाखवणारी. फरहीननं ते ओरखडे माझ्या अंगावर जपले. रेघ मात्र तिला अक्षरागणिक कापावी लागली, कारण फॉन्टात प्रत्येक अक्षर सुटं लागतं. मग तिनं मला आपल्या साइटवर सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं.

मी खूप फिरलो. वाढदिवस, श्रद्धांजली, चिकन सेंटर, कागल एमआयडीसीतली कामगार भरती. मी हातानं लिहिल्यागत दिसतो, म्हणून लोकांना आवडतो. लिहिणाऱ्या हाताला मात्र कुणी बोलवत नाही.

यंदा जत्रा जवळ आली. अब्बांनी ब्रश रॉकेलात भिजवून ठेवले. बोलावणं आलंच नाही. शेवटी बापलेक तालमीकडे गेले, तर भिंतीवर वीस फुटी फ्लेक्स, आणि त्यावर मी.

"चाचा, बघा की! तुमचंच अक्षर हाय," फ्लेक्सवाला पिराजी खुशीत ओरडला. "आता उन्हात शिडीवर चढायची कटकट न्हाय तुमाला!"

अब्बांनी मान वर करून शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. "व्हय, माझंच हाय. पर दर अक्षराला धाप लागलीया ह्याला. माझ्यापेक्षा म्हातारं झालंय की!"

पिराजी खदाखदा हसला. फरहीन हसली नाही.

घरी येऊन अब्बांनी ब्रश धुतले, पुसले आणि शेजारच्या आक्काला देऊन टाकले. तिला दाराची चौकट रंगवायची होती.

कुठल्या फ्लेक्सवर मी दिसलो, तर माझ्या शिरोरेघेकडे नीट बघा. तोच ओरखडा पुन्हा पुन्हा दिसेल. मी ज्यांचा, त्यांचंच शेवटचं काम मी खाल्लं. आता मला पुसणंही कुणाच्या हातात नाही. पिराजीच्या आणि असल्या शेकडो कंप्युटरांत मी बसलोय.

हे फरहीनलाही ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला साइटवरून काढून टाकलं, लॅपटॉप मिटला आणि ब्रश परत मागायला ती आक्काच्या दारात जाऊन उभी राहिली.